चेहऱ्याचा लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज: हलका हात आणि मानेपासून सुरुवात

चेहऱ्याच्या लिम्फॅटिक ड्रेनेज मसाजचे जे प्रकार हल्ली व्हिडिओंमधून दाखवले जातात, त्यांत दोन गोष्टी सर्रास चुकलेल्या दिसतात. एक म्हणजे हात फार जोराने चालवला जातो, आणि दुसरी म्हणजे सुरुवात थेट गालांपासून किंवा डोळ्यांपासून केली जाते. हा मसाज स्नायू मळण्यासाठी नसून त्वचेच्या लगेच खाली साचलेला द्रव पुढे सरकवण्यासाठी आहे, त्यामुळे त्याला अगदी हलका हात लागतो आणि मानेपासून सुरू होणारा ठरावीक क्रम लागतो. या दोन गोष्टी सांभाळल्या, तर कोणतेही साधन विकत न घेता दहा-बारा मिनिटांत तो स्वतःचा स्वतःला नीट करता येतो. त्या सांभाळल्या नाहीत, तर चेहरा नुसता लाल होतो आणि सूज होती तिथेच राहते.

फुगीरपणा येतो कुठून

रक्त केशवाहिन्यांमधून वाहत असताना त्यातील पाणी, क्षार आणि थोडी प्रथिने वाहिन्यांच्या भिंतींतून झिरपून आजूबाजूच्या ऊतींमध्ये उतरतात. हा द्रव तिथून उचलून पुन्हा रक्तात नेऊन सोडण्याचे काम लसीकावाहिन्या करतात. त्यांच्यातून वाहणाऱ्या द्रवाला लसीका किंवा लिम्फ म्हणतात, आणि दिवसभरात साधारण २ ते ४ लिटर लसीका अशा रीतीने रक्तात परत जाते. रक्ताला पुढे ढकलण्यासाठी हृदय असते, तसा लसीकेसाठी स्वतंत्र पंप नसतो. मोठ्या लसीकावाहिन्यांच्या भिंती स्वतःच आकुंचन पावत राहतात, आतल्या झडपा द्रवाला मागे फिरू देत नाहीत, आणि उरलेली मदत स्नायूंच्या हालचालींकडून, शेजारच्या धमन्यांच्या ठोक्यांकडून आणि श्वासोच्छ्वासाकडून मिळते.

झोपेत आपण कित्येक तास आडवे असतो, त्यामुळे दिवसा पायांकडे उतरणारा द्रव डोक्याच्या बाजूलाही पसरतो आणि चेहऱ्याचे स्नायूही फारसे हलत नाहीत. पापण्यांची त्वचा अतिशय पातळ आणि तिच्याखालची ऊती सैल असल्यामुळे थोडासा द्रव साचला तरी तो आधी तिथेच दिसतो. आदल्या रात्रीचे खारट जेवण, मद्यपान, अपुरी झोप, रडणे, ॲलर्जी आणि पाळीच्या आधीचे दिवस यांमुळे त्यात भर पडते. उठून बसल्यावर आणि हिंडू-फिरू लागल्यावर हा फुगीरपणा काही वेळाने आपणहून ओसरतोही. मसाज त्या ओसरण्याला मदत करतो, आणि त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवणे योग्य आहे.

हात हलका का ठेवायचा, याचे उत्तर लसीकावाहिन्यांच्या रचनेत आहे. त्यांची सर्वांत बारीक टोके त्वचेच्या वरच्या थरालगत सुरू होतात. या टोकांच्या भिंतीतील पेशी एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात आणि अतिशय सूक्ष्म तंतूंनी आजूबाजूच्या ऊतीला जोडलेल्या असतात. त्वचा हळूच ताणली गेली की हे तंतू ओढले जातात, पेशींमधल्या फटी उघडतात आणि बाहेरचा द्रव आत शिरतो; ताण सोडला की फटी मिटतात आणि आत आलेला द्रव पुढे सरकतो. म्हणजे यात काम होते ते त्वचा ताणण्याने आणि सोडण्याने, दाबण्याने नव्हे. जोर लावला, तर या नाजूक वाहिन्या दाबल्या जातात, त्या भागातला रक्तपुरवठा वाढतो आणि केशवाहिन्यांतून आणखी द्रव बाहेर पडण्याची शक्यता निर्माण होते. चेहरा लाल होणे ही मसाज ‘लागू पडल्याची’ खूण समजली जाते, पण या मसाजाच्या बाबतीत ती हात जड पडल्याची खूण आहे.

या पद्धतीचा पाया डेन्मार्कच्या एमिल व्हॉडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड व्हॉडर यांनी घातला. १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये काम करताना जुनाट सर्दी आणि मानेतल्या सुजलेल्या गाठी घेऊन येणाऱ्या रुग्णांवर त्यांनी हे हलके, गोलाकार हात वापरून पाहिले आणि १९३६ मध्ये पॅरिस येथे ही पद्धत लोकांसमोर मांडली. आज प्रशिक्षित थेरपिस्ट कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा रेडिएशननंतर येणाऱ्या लसीकासूजेवरही ती वापरतात, अर्थात इतर उपचारांच्या जोडीने. घरी करायचा चेहऱ्याचा मसाज ही तिचीच एक साधी आवृत्ती आहे, आणि ती उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

द्रवाची वाट

क्रम पाठ करण्याआधी वाट समजून घेतली, तर पुढच्या सगळ्या कृती आपोआप लक्षात राहतात. कपाळ, कानशील आणि पापण्यांचा बाहेरचा भाग यांतली लसीका कानाच्या पुढे असलेल्या लसीकाग्रंथींकडे, म्हणजे लसीका गाळणाऱ्या लहान गाठींकडे, जाते. पापण्यांचा आतला भाग, नाक, गालांचा पुढचा भाग आणि वरचा ओठ यांतली लसीका जबड्याच्या हाडाखालच्या ग्रंथींकडे उतरते, तर खालच्या ओठाचा मधला भाग आणि हनुवटी यांतली लसीका हनुवटीखालच्या ग्रंथींकडे जाते. या सगळ्या वाटा मानेतल्या खोल ग्रंथींच्या साखळीला येऊन मिळतात. मान एका बाजूला वळवली की कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे, म्हणजे कॉलरबोनकडे, तिरका उतरणारा एक जाड स्नायू उठून दिसतो. ही साखळी बहुतांशी त्याच्या खालून आणि कडेने जाते. शेवटी गळपट्टीच्या हाडामागे, दोन्ही बाजूंना, लसीका मोठ्या शिरांमध्ये रिकामी होते. चेहऱ्याच्या डाव्या बाजूची लसीका डावीकडे आणि उजव्या बाजूची उजवीकडे जाते.

यावरून क्रम असा ठरतो: आधी गळपट्टीच्या हाडावरचा खळगा, मग मान, मग कान आणि जबडा, आणि सर्वांत शेवटी चेहरा. पुढची वाट मोकळी नसताना मागची गर्दी ढकलण्यात अर्थ नसतो. चेहऱ्यावरसुद्धा हाच नियम लागू आहे, म्हणजे प्रत्येक भागात ग्रंथीच्या जवळची जागा आधी घ्यायची आणि दूरची नंतर, मात्र त्वचा ताणायची ती नेहमी ग्रंथीच्याच दिशेने. पुष्कळ ठिकाणी मानेचा भागच वगळला जातो. वेळ फारच कमी असेल, तर चेहरा वगळून फक्त मानेचे हात करावेत, असे मी सुचवेन, कारण मान वगळून केलेल्या चेहऱ्याच्या हातांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो.

कोणी करू नये

अंगात ताप असताना, चेहऱ्यावर किंवा मानेवर जंतुसंसर्ग असताना, दाताला पू झालेला असताना, ओठावर नागिणीसारखे पाण्याचे फोड उठलेले असताना, उन्हाने त्वचा भाजलेली असताना किंवा उघडी जखम असताना हा मसाज करू नये. हृदयाचे कार्य मंदावल्याचे निदान झालेले, मूत्रपिंडे नीट काम करत नसलेले, रक्ताची गुठळी झालेले आणि कर्करोगावर उपचार चालू असलेले रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये. थायरॉइडचा विकार असेल, मानेतल्या धमनीत अरुंदपणा असल्याचे सांगितले गेले असेल किंवा मान वळवताना चक्कर येत असेल, तर मानेचे हात डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करू नयेत. वय साठीच्या पुढे असल्यास हीच काळजी घेणे शहाणपणाचे. चेहऱ्यावर बोटॉक्स किंवा फिलर घेतले असेल, दातांची किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर किती दिवस थांबायचे हे ती करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले असल्यास किंवा काचबिंदू असल्यास डोळ्यांभोवतीचा भाग सोडून द्यावा. लाल, दुखऱ्या मुरुमांवरून बोटे फिरवू नयेत. त्यांच्या बाजूने काम करता येते.

तयारी आणि हाताचा सराव

हात साबणाने धुवावेत, नखे कापलेली असावीत, अंगठ्या आणि गळ्यातले दागिने काढून ठेवावेत आणि कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्याही काढाव्यात. गळ्याभोवतीचे कपडे सैल असू द्यावेत, म्हणजे गळपट्टीच्या हाडापर्यंत हात सहज पोचेल. पाठीला आधार देऊन ताठ बसावे, किंवा डोके आणि खांदे उशीने उंच करून पडावे. अगदी सपाट झोपून हा मसाज करू नये.

तेलाबद्दल माझे मत प्रचलित सल्ल्याच्या उलट आहे. तेल लावले की बोटे त्वचेवरून घसरतात, आणि आपल्याला तर बोटे जागच्या जागी ठेवून त्यांच्याबरोबर त्वचा हलवायची आहे. म्हणून चेहरा धुऊन टिपून घेतल्यावर, त्वचा जवळजवळ कोरडी असतानाच हा मसाज सर्वांत चांगला होतो. त्वचा फारच कोरडी असेल, तर थोडेसे मॉइश्चरायझर लावून ते पूर्ण मुरेपर्यंत थांबावे. तेल किंवा सीरम लावायचेच असेल, तर ते मसाज आटोपल्यावर लावावे.

पहिल्यांदा करणाऱ्याने थेट चेहऱ्याला हात न लावता आधी हाताच्या पंजाच्या पाठीवर सराव करावा. डाव्या पंजाच्या पाठीवर उजव्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका सपाट टेकवावीत. टोके नव्हे, तर बोटांचे मांसल पेर त्वचेला लागले पाहिजे. आता बोटे न घसरवता त्वचा हळूहळू मनगटाच्या दिशेने न्यावी. ती थोडी सरकते आणि एका जागी येऊन अडते. तिथे क्षणभर थांबून बोटांतला जोर पूर्ण सोडून द्यावा, म्हणजे त्वचा स्वतःच मूळ जागी परत येईल. हे करताना त्वचेखालची हाडे किंवा शिरा बोटांना जाणवल्या, तर जोर जास्त आहे. नखांखालचा गुलाबी रंग फिका पडला, तरी जोर जास्त आहे. बोट उचलल्यावर तिथे पांढरा किंवा लाल ठसा दिसता कामा नये. पापणीवर बोट ठेवताना जितके जपून ठेवले जाते, तितक्याच हलकेपणाने सगळीकडे काम करायचे असते, आणि पहिल्या काही वेळी ‘आपण काहीच करत नाही’ असे वाटेल इतका हा स्पर्श हलका असतो. तसे वाटले तर हात बरोबर पडतो आहे.

गतीचेही तसेच. ताणायला एक सेकंद, थांबायला किंचित वेळ, सोडायला एक सेकंद, असा संथ ठेका ठेवावा. ताण आणि पूर्ण सैलपणा यांची आलटून-पालटून येणारी लयच द्रवाला पुढे नेते, म्हणून सोडण्याचा भाग घाईने उरकू नये. प्रत्येक जागी पाच ते सात वेळा ही कृती करणे पुरेसे आहे.

मानेचे हात

सुरुवात श्वासाने करावी. एक हात पोटावर ठेवून नाकाने सावकाश श्वास घ्यावा, पोट हाताखाली वर येऊ द्यावे आणि तोंडाने सावकाश सोडावा. असे पाच वेळा. छातीतल्या दाबात श्वासागणिक होणारा बदल लसीकेला छातीकडे ओढायला मदत करतो, त्यामुळे ही केवळ मन शांत करण्याची प्रस्तावना नाही. त्यानंतर दोन्ही खांदे सावकाश वर उचलून मागे गोल फिरवावेत, पाच वेळा.

आता उजव्या हाताची बोटे डाव्या गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात सपाट ठेवावीत. बोटे खळग्यात रुतवायची नाहीत, नुसती टेकवायची. तिथली त्वचा खाली आणि आतल्या बाजूला, छातीच्या मध्याकडे हळूच ताणून सोडावी. सात वेळा झाल्यावर डाव्या हाताने उजव्या बाजूला तसेच करावे. सगळी लसीका शेवटी याच खळग्यांच्या आत रिकामी होत असल्याने इथे थोडा जास्त वेळ दिला तरी चालतो.

मानेच्या बाजूचे हात एका वेळी एकाच बाजूला करावेत, आणि याला कारण आहे. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर, मानेच्या दोन्ही बाजूंना, जिथे बोट ठेवल्यावर नाडी लागते, तिथे मुख्य धमनी दुभंगते आणि तिच्या भिंतीत रक्तदाबाचा अंदाज घेणारी चेतातंतूंची टोके असतात. त्या जागी दाब पडला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तदाब उतरतो. काही व्यक्तींमध्ये ही प्रतिक्रिया इतकी तीव्र असते की भोवळ येते. म्हणून मानेच्या पुढच्या भागावर हात ठेवायचाच नाही. हाताचा पंजा कानाच्या खाली आणि थोडा मागे, त्या जाड स्नायूच्या मागच्या कडेवर सपाट ठेवावा. त्वचा आधी किंचित मागे आणि मग खाली, गळपट्टीच्या हाडाकडे ताणावी आणि सोडावी. नियमाप्रमाणे आधी मानेचा खालचा भाग, मग मधला, मग कानाखालचा, असे तीन जागी पाच-पाच वेळा करून दुसऱ्या बाजूला वळावे. मध्येच डोके हलके वाटू लागले, तर तिथेच थांबून शांत बसावे आणि त्या दिवशी पुढे जाऊ नये.

कान आणि जबडा

कानाच्या बाबतीत दोन्ही बाजू एकदम करता येतात. हात गालाला लावून बोटे वरच्या दिशेला ठेवावीत, तर्जनी कानाच्या मागे आणि मधले बोट कानाच्या पुढे येईल असा कान दोन बोटांच्या बेचक्यात धरावा, आणि त्वचा मागे व खाली अशी लहान अर्धवर्तुळात फिरवून सोडावी. चेहऱ्याच्या वरच्या आणि बाहेरच्या भागातल्या लसीकेचा पहिला मुक्काम कानापुढे आहे, त्यामुळे ही कृती सात ते दहा वेळा करावी.

मग जबडा. दोन्ही हातांच्या बोटांची पेरे जबड्याच्या हाडाच्या खालच्या मऊ भागात ठेवावीत. हाडावर नव्हे आणि गळ्यावरही नव्हे. आधी जबड्याच्या कोपऱ्यापाशी, कानाच्या पाळीखाली, मग जबड्याच्या मध्याशी, आणि शेवटी हनुवटीखाली, अशा तीन जागी त्वचा जबड्याच्या कोपऱ्याच्या दिशेने ताणून सोडावी. हनुवटीखाली काम करताना जीभ सैल ठेवावी आणि दात एकमेकांवर दाबू नयेत. दात आवळलेले असले की जबड्याखालचा सगळा भाग कडक होतो आणि बोटांखाली त्वचा सरकतच नाही.

चेहरा

इथपर्यंत आल्यावर चेहऱ्याचे काम सोपे आणि थोडक्यात होणारे आहे. हनुवटीवर दोन्ही हातांची बोटे ठेवून त्वचा खाली, हनुवटीखालच्या भागाकडे ताणावी. वरच्या ओठावर नाकाखालून तोंडाच्या कोपऱ्यांकडे आणि तिथून खाली जबड्याकडे अशी दिशा ठेवावी. गालांवर तीन जागा घ्याव्यात: कानाजवळचा गाल, गालाचा मध्य आणि नाकपुडीलगतचा भाग, याच क्रमाने. पहिल्या जागेवर त्वचा कानाकडे ताणावी आणि उरलेल्या दोन जागांवर तिरकी खाली, जबड्याच्या कोपऱ्याकडे. गाल वर ढकलून ‘उचलण्याचा’ मोह बहुतेकांना होतो. द्रव मात्र खालीच उतरणार आहे, त्यामुळे वर ढकलणे या मसाजात निरुपयोगी आहे.

डोळ्यांच्या भोवती फक्त अनामिका वापरावी, कारण तिचा जोर आपोआप कमी पडतो. डोळे मिटून बोट डोळ्याखालच्या हाडाच्या कडेवर ठेवावे. ते बुबुळावर किंवा पापणीच्या मऊ भागावर येता कामा नये. आधी डोळ्याचा बाहेरचा कोपरा, मग डोळ्याखालचा मध्य, अशा दोन जागी त्वचा बाहेर कानशिलाकडे अगदी किंचित, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतराने, सरकवावी आणि सोडावी. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळचा द्रव मात्र नाकाच्या बाजूने खाली जातो, म्हणून तिथे दिशा खाली, नाकपुडीच्या कडेने गालाकडे ठेवावी. वरच्या पापणीसाठी भुवईच्या खालच्या हाडावर बोट ठेवून बाहेरच्या दिशेने तीन-चार वेळा तसेच करावे. इथे त्वचेला सुरकुती पडत असेल, तर बोट जास्त सरकते आहे.

कपाळाचे हात कानशिलापासून सुरू करून मध्याकडे न्यावेत, दिशा मात्र प्रत्येक वेळी बाहेर कानशिलाकडे. कानशिलावर दोन्ही हातांची बोटे सपाट ठेवून त्वचा कानाच्या पुढच्या भागाकडे खाली उतरवावी. शेवटी सगळी वाट एकदा उलट क्रमाने पुरी करावी: कपाळ, कानशील, कानापुढचा भाग, मानेची एक बाजू, मग दुसरी, आणि गळपट्टीच्या हाडावरचे दोन्ही खळगे, प्रत्येक जागी दोन-तीन वेळा. त्यानंतर दोन दीर्घ श्वास घेऊन थांबावे. तहान असेल तर पाणी प्यावे. पाण्याचे पेलेच्या पेले रिचवण्याची गरज नाही. त्याने लसीका ‘स्वच्छ’ होत नाही.

साधने, वेळ आणि अपेक्षा

दगडी रोलर किंवा ग्वाशा, म्हणजे चेहऱ्यावरून फिरवायची चपटी दगडी पट्टी, वापरण्यास हरकत नाही, पण ती साधने बोटांच्या खालोखालच. बोटांना त्वचेचा ताण, तिची ऊब आणि तिच्याखालची गाठ कळते, दगडाला ते कळत नाही, आणि रोलर त्वचेवरून फिरतो, त्वचा फिरवत नाही. ज्यांना वापरायचेच आहे त्यांनी रोलर स्वतःच्या वजनाने फिरू द्यावा, एकाच दिशेने न्यावा आणि प्रत्येक वेळी साबणाने धुऊन कोरडा करून ठेवावा. थंड केलेला रोलर डोळ्यांखाली बरा वाटतो, कारण थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि द्रव झिरपणे थोडा वेळ कमी होते. बर्फ मात्र थेट त्वचेवर लावू नये.

मसाजासाठी सकाळची वेळ उत्तम, कारण फुगीरपणा तेव्हाच असतो. रोज केला तरी चालतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा केला तरी चालतो. हात हलका असेल तर त्याने अपाय होत नाही. परिणाम बहुधा त्याच दिवसापुरता टिकतो. डोळ्यांखालचा भाग हलका दिसतो, जबड्याची रेषा थोडी स्पष्ट होते आणि आवळलेला चेहरा सैल पडल्यासारखा वाटतो. ही लहान गोष्ट असली तरी दिवसाची सुरुवात स्वतःकडे इतके सावकाश लक्ष देऊन करणे मला मोलाचे वाटते. मात्र या मसाजाने चरबी वितळत नाही, सैल त्वचा घट्ट होत नाही, आणि डोळ्यांखालच्या पिशव्या तिथली चरबी पुढे आल्यामुळे झाल्या असतील तर त्याही जात नाहीत. शरीरातील ‘विषारी द्रव्ये’ बाहेर काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि त्या कामाशी चेहऱ्यावरच्या मसाजाचा संबंध नाही. रात्रीचे मीठ कमी करणे, उशी थोडी उंच घेणे आणि ॲलर्जी असेल तर तिच्यावर उपचार घेणे यांनी सकाळचा फुगीरपणा मुळातच कमी होऊ शकतो, आणि तो रोजचाच झाला असेल तर आधी तिकडे पाहावे.

सूज वेगळी असेल तेव्हा

काही सुजांवर मसाज करायचाच नसतो. डोळ्यांभोवती रोज सकाळी सूज येते आहे, पायही सुजतात आणि लघवीला फेस येतो, असे असेल तर मूत्रपिंडांची तपासणी व्हायला हवी. चेहरा सतत सुजलेला राहून त्याबरोबर थकवा, थंडी सहन न होणे आणि वजन वाढणे असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. एकाच बाजूला दुखरी, गरम सूज असेल तर दात, सायनस किंवा लाळग्रंथी यांचा संसर्ग असू शकतो. ओठ, जीभ किंवा पापण्या अचानक सुजून श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावे.

मानेवरून नियमितपणे हलकी बोटे फिरवणाऱ्याला आपल्या मानेची चांगली ओळख होते, आणि तिथे काही नवे आले तर ते लवकर कळते. जबड्याखाली वाटाण्याएवढी, मऊ आणि बोटाखाली सरकणारी गाठ सर्दी-पडशात किंवा हिरड्यांच्या दुखण्यात लागते आणि दुखणे गेले की बहुधा ओसरते. जी गाठ एक सेंटीमीटरहून मोठी आहे, कडक आहे, जागची हलत नाही किंवा दोन-तीन आठवड्यांत कमी होत नाही, ती डॉक्टरांना दाखवावी. आणि गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात, विशेषतः डाव्या बाजूला, कोणतीही गाठ लागली तर वाट न पाहता दाखवावी. ती कशाची आहे हे डॉक्टरांकडून समजेपर्यंत मानेचा आणि चेहऱ्याचा मसाज बंद ठेवावा, आणि गाठ कमी झाली का हे पाहण्यासाठी ती वारंवार चाचपूही नये.